डॉर्कसचं हिरवं जाजम

नॉरिचच्या लोकांना डॉर्कस पेनफोल्डचं मरण फार आवडायचं. हे मी कुचेष्टेनं म्हणत नाही, होतं तसं सांगते. आमच्या नाटक कंपनीत राण्या मरायच्या, फसवलेल्या मुली मरायच्या, कुणी विष पिऊन, कुणी सुरी खुपसून, तर कुणी नुसत्या दुःखानं. त्या सगळ्या म्हणजे डॉर्कसच. तिसरा अंक संपला की दारावर निम्म्या दरात आत सोडतात. त्या वेळी मागावरून उठून आलेले विणकर आधी काय घडलं हे विचारायचेसुद्धा नाहीत. कोण राजा, कोण प्रधान, कुणी कुणाचा घात केला, त्यांना काही देणंघेणं नव्हतं. डॉर्कस मरायची आहे ना अजून, एवढं दारवानाला विचारायचे आणि धडधड जिने चढून वर गॅलरीत जाऊन बसायचे.

मी टॅबिथा, कपडेपटावरची. तिच्या प्रत्येक मरणाआधी झग्याच्या नाड्या आवळणारी मी आणि मेल्यावर त्या सैल करणारीही मीच. त्यामुळे तिच्याबद्दल गावात जे काय सांगतात ते ऐकून माझं डोकं फिरतं. परवाच मासळीबाजारात एक बाई डॉर्कसची गोष्ट मलाच सांगायला लागली, डोळ्यांत पाणी आणून. मी म्हटलं, बाई, तुमची हेरिंग तोला आणि मला जाऊ द्या.

डॉर्कस समुद्रकाठच्या यारमथची. बाप मासे खारवायचा. धान्याच्या कोठारात खेळ करत फिरणाऱ्या एका मंडळीच्या मागोमाग ती घरातून निघून गेली आणि त्यातल्याच एका विनोदी नटाशी तिनं लग्न केलं. स्टेजवर त्याला बघून लोक लोळायचे. घरी मात्र त्याचं तोंड कायम आंबट. तो गेला तेव्हा मागे एक केसांचा टोप आणि भरपूर घेणेकरी ठेवून गेला. टोप चांगला होता, असं ती म्हणायची.

पहिल्यांदा मेली तेव्हा ती पिठाच्या पोत्यासारखी पडली आणि लोक हसले. मग तिनं मरणाचा अभ्यासच केला. मी एकदा विचारलं, बाई, हे शिकलात कुठून? तर म्हणाली, "मासा मरताना बघितलायस ना? आधी सगळा जोर लावून उडतो, आणि मग मध्येच उडायचं विसरतो. ते विसरणं जमलं पाहिजे." ते तिला जमायचं. ती पडली की मी विंगेत उभी राहून तिची छाती हलते का बघायची. रोजचंच असूनही बघायची.

आणि ते जाजम. पाचव्या अंकाच्या आधी आमचा सुतार जोब टिलेट हिरव्या लोकरी कापडाचं जाजम आणून स्टेजच्या मधोमध अंथरायचा. फळ्यांवर मेण सांडलेलं असतं, धूळ असते, आणि राणीचा मखमली झगा कंपनीत एकच. तेव्हा मरायचं ते जाजमावर, असा सगळीकडचाच रिवाज आहे. पण लोकांना ते पक्कं ठाऊक झालेलं. जाजम आलं म्हणजे कुणीतरी मरणार. जोब ती गुंडाळी काखेत घेऊन आला की अक्रोड फोडणारे हात थांबायचे, संत्री विकणाऱ्या बाया जिन्यात बसून घ्यायच्या, वर गॅलरीतल्या टोप्या उतरायच्या. इतकी शांतता मी चर्चमध्ये प्रवचनालाही ऐकलेली नाही.

गॅलरीत नॅट हॉवेस नावाचा विणकर असायचा. आवाज असा की बाजारात दवंडी पिटायला उपयोगी पडावा. डॉर्कस मेली, टाळ्या झाल्या, की तो ओरडायचा, "परत मर, डॉर्कस!" मग अख्खी गॅलरी तेच ओरडायची. ती उठायची, वाकून नमस्कार करायची आणि पुन्हा पहिल्यापासून मरायची. आत आली की धापा टाकत म्हणायची, "एका पगारात दोन मरणं, टॅबी." हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच आहे. लोकांना हौस आली की मेलेली डॉर्कस उठत होती, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

आता बॅलंडचं सांगते. कुणा नटाच्या मदतीचा खेळ असला की आमचे मालक गिल्बर्ट स्टॅनयन स्टेजवरच दोन्ही बाजूंना खुर्च्या मांडायचे आणि त्या बड्या लोकांना जास्त दरानं द्यायचे. ही मंडळी नाटक बघायला येत नाहीत, नाटकात बसलेली दिसायला येतात. पाय पसरतात, विंगेची वाट अडवतात, सैनिक धावत आले की त्यांच्या तलवारी यांच्या गुडघ्यांत अडकतात. त्या संध्याकाळी पुढच्या खुर्चीवर जमीनदाराचा मुलगा पेरेग्रिन बॅलंड होता. त्याच्या बापाच्या मेंढ्यांची लोकर नॉरिचच्या निम्म्या मागांवर चढते.

डॉर्कस विष पिऊन पडली होती. राजा तिच्या उशाशी रडत होता, आणि बरा रडत होता. एरवी प्यायल्याशिवाय त्याला रडू येत नसे. अख्खं नाटकघर चिडीचूप. बॅलंड खुर्ची सरकवत सरकवत जाजमाच्या काठाशी आला होता आणि चिखलाचे बूट जाजमावर ठेवून अक्रोड खात बसला होता. त्यानं काठीचं टोक पुढं केलं आणि डॉर्कसच्या झग्याची कड उचलली. आधी घोट्यापर्यंत. मग शेजारच्या मित्राकडे बघून हसला आणि गुडघ्यापर्यंत. वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "खरंच मेलीय का, बघू तरी."

राजा रडतच राहिला. त्याचा मला आजही राग येतो. कमरेला तलवार होती त्याच्या, लाकडी का होईना.

डॉर्कसनं डोळे उघडले. काठीचं टोक धरून असा हिसडा दिला की बॅलंड खुर्चीसकट पुढं आला आणि तोंडावर आपटला, नेमका जाजमावर. ती उठली, झगा सारखा केला आणि त्याला तिथंच ठेवून चालत आत आली.  मग नॅट हॉवेसचा आवाज आला, "जोब, मेला रे तो, उचलून ने." आणि गॅलरी अशी हसली की मेणबत्त्यांची झुंबरं हलली. खाली पिटातल्या बाकांवरचे लोक हसले, बॉक्समधल्या बायका पंख्याआड हसल्या. स्टेजवरचे त्याचे मित्रसुद्धा हसले.

मार खाल्ला तर असले लोक विसरतात. हसू विसरत नाहीत. आठवडा सरायच्या आत कॉफीच्या दुकानांतून बोललं जाऊ लागलं की डॉर्कस पेनफोल्डनं प्रेक्षकांचा अपमान केला. बॅलंडचा नव्हे, प्रेक्षकांचा. मेलेली उठली, नाटक मोडलं, लोकांच्या पैशाची माती केली. काठीचं कुणी नाव काढेना. ज्या बाईचा झगा भर नाटकघरात उचलला तिनंच नाटकघराची माफी मागायची, अशी ही उलटी तऱ्हा. मागांच्या धन्यांनी विणकरांना बोलावून काय ते समजावलं. दारूच्या गुत्त्यांत कुणी पाजली कुणास ठाऊक, पण फुकट बिअर वाहिली. आणि ज्यांनी हसून हसून पोट धरलं होतं त्यांना अचानक आठवलं की आपला केवढा अपमान झालाय.

आमच्याकडे नटानं लोकांना दुखावलं की पुढं येऊन माफी मागायची असते. लोक फारच खवळले असतील तर गुडघे टेकून. मी हे बऱ्याचदा पाहिलंय. त्यात ओरडणारे बडे लोक थोडे असतात. जास्त ओरडतात ते गॅलरीतले. दिवसभर धन्यापुढं, कारकुनापुढं, पाद्र्यापुढं यांची मान खाली. संध्याकाळी नाणं टाकलं की यांच्यापुढं कुणीतरी खाली वाकलेलं यांना बघायला मिळतं. नाटकापेक्षा ते यांना जास्त गोड लागतं.

मालक कपडेपटात आले ते टोपी न काढता. मी इस्त्री करत होते, मला त्यांनी बाहेर जायला सांगितलं नाही. माझ्यासारख्यांना ते मोजतच नाहीत.

"बाई, दोन गुडघे आणि चार शब्द," ते म्हणाले. "संपलं."

"माफी कुणाची?"

"लोकांची."

"लोकांचं मी काय केलं?"

"मेलेल्या होतात आणि उठलात."

"नॅट हॉवेस सांगतो तेव्हा उठते की."

"ते वेगळं. ते त्यांच्या मर्जीनं असतं."

आपण काय बोलून गेलो हे मालकांना कळलंही नाही.  डॉर्कसनं विचारलं, नाही टेकले तर? मालक म्हणाले, तर सोमवारनंतर कंपनीत जागा नाही. आणि कंपनीबाहेरची नटी कायद्याच्या नजरेत कोण असते हे तुम्हाला मी सांगायला नको. नव्हतंच सांगायला. भटकी म्हणून धरतात आणि फटके मारून गावाबाहेर काढतात. शिवाय तिचं वय झालेलं, दुसरी कुठली कंपनी तिला राण्या देणार नव्हती. नॉरिचमध्ये ती मरत होती म्हणून जगत होती.

ते गेल्यावर मी म्हटलं, ही इस्त्री तापलेली आहे, मालकांना परत बोलवू का. ती हसली नाही.

"गुडघ्यांचं काही नाही गं," ती म्हणाली. "आयुष्यभर टेकलेत. राजापुढं टेकलेत, जल्लादापुढं टेकलेत, चिंध्यांच्या बाळापुढं टेकलेत. पण ती कुणीतरी दुसरी असायची. सोमवारी मी टेकायचे, मी, आणि ते बघणार."

सोमवारी विनोदी नाटक होतं. डॉर्कसला विधवेच्या मोलकरणीचं काम, डोक्यावर पांढरी टोपी आणि कमरेला एप्रन. नाटकघर गच्च भरलं होतं, आणि ते नाटकासाठी नव्हतं. दुसरा अंक कसाबसा पार पडला आणि वरून पहिली हाळी आली, "डॉर्कस, गुडघे टेक!" आवाज मी ओळखला. त्या आवाजाला नॉरिचमध्ये जोड नव्हती. मग सगळी गॅलरी, मग पिट. बॅलंड या वेळी बॉक्समध्ये बसला होता आणि काही बोलत नव्हता. त्याला बोलायची गरजच नव्हती, त्याचं काम आता दुसरे करत होते. सफरचंदं आली, संत्र्यांच्या साली आल्या, एक बाटली येऊन फळ्यांवर फुटली. नट पळून विंगेत आले. मालक नुसते हातानं खुणावत होते, जा, जा.

मी तिच्या एप्रनच्या गाठी पुन्हा बांधत होते, गरज नसताना. तिची पाठ माझ्या बोटांखाली थरथरत होती. काय करणार हे तिनं ठरवलं नव्हतं. लोक आता सांगतात की तिनं सगळं आधी योजलं होतं, तर ते साफ खोटं आहे.

जे झालं ते जोबमुळं झालं. तो म्हातारा माणूस. फळ्यांवर काच बघितली आणि त्याच्या मनात एवढंच आलं की डॉर्कसच्या गुडघ्याला लागेल. कुणाला न विचारता तो गेला, हिरवं जाजम काखेत घेऊन स्टेजवर आला आणि नेहमीच्या जागी अंथरायला लागला. विनोदी नाटकात ते कधी बाहेरही निघत नाही. निम्मं उलगडल्यावर आपण काय केलं हे त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण तो ओणवाच थांबला. पण तोवर लोकांनी जाजम पाहिलं होतं.

आणि नाटकघर गप्प झालं. सवय लागलेली माणसं. तोंडं उघडी ती उघडीच राहिली, हातातलं सफरचंद हातात राहिलं. वर एक टोपी उतरली, मग दुसरी. का उतरवतोय हे त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं.

डॉर्कसनं जाजमाकडे बघितलं, जोबकडे बघितलं. माझ्या बोटांखालची थरथर थांबली.

ती मोलकरणीच्या वेशात पुढं गेली आणि जाजमाच्या कडेशी उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, आता टेकणार. तिनं गळ्याशी हात नेला. एक पाऊल मागं, दोन पावलं पुढं, नसलेल्या खांबाला धरण्यासाठी हात लांब केला. राणीचं मरण, एप्रनमध्ये. कुणी हसलं नाही. ती पडली, पण गुडघा जमिनीला लागू न देता, एका कुशीवर, अलगद. मग मान थोडी उचलून, आरडाओरडा न करता ती बोलली, आणि ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"मी मेलेली असताना माझा झगा उचलला. मेलेली बाई माफी मागत नसते. तुम्हाला हवीच असेल तर वर या आणि मला उठवा."

आणि डोकं खाली टेकवून ती मेली. पुन्हा मी तिची छाती बघितली. हलत नव्हती.

वर कुणी आलं नाही. मग गॅलरीतून एक टाळी वाजली, मग सगळीकडून. बॅलंडच्या मित्रांनी हूऽऽ करायचा प्रयत्न केला, तर डॉर्कससाठी आणलेली सफरचंदं त्यांच्या बॉक्सवर गेली. मालक विंगेतून दातओठ खात होते, ऊठ, ऊठ. ती उठेना. आमच्याकडे पडदा नाटक संपेपर्यंत पडत नाही; मेलेल्याला उचलूनच न्यावं लागतं. मालकांनी जोबला हुकूम केला. जोब म्हणाला, आज कंबर धरलीय. शेवटी मालकांनी पाय धरले आणि प्रॉम्प्टरनं खांदे. चार पावलं नेली असतील तोच वरून गर्जना झाली, "टोपी काढ!" दोन्ही हातांत तिचे पाय. त्यांना ती खाली ठेवावी लागली, टोपी काढावी लागली आणि मग पुन्हा उचलावी लागली. माझ्या आयुष्यात कुठल्या नाटकात मला एवढा आनंद झालेला नाही.

तो आनंद विंगेपर्यंतच टिकला. मालकांनी तिला आत आणून टाकली आणि तिथल्या तिथं सांगितलं, मागच्या दारानं नीघ. एप्रन कंपनीचा म्हणून काढून घेतला. आम्ही गल्लीत उभ्या होतो आणि आतून हसणं ऐकू येत होतं. मोडलेलं नाटक तिथंच सोडून मालकांनी खेळाअखेरचा छोटा फार्स सुरू केला होता. टाळ्या वाजवणारे तेच, हसणारेही तेच. पोटभर हसले, घरी गेले आणि झोपले. सकाळी कुणी तिच्या दारावर आलं नाही. कुणी मालकांना जाऊन विचारलं नाही. पुढच्या शोकांतिकेत एक नवी पोरगी धपकन पडली, तेव्हा गॅलरी थोडा वेळ "डॉर्कस, डॉर्कस" ओरडली, मग अक्रोड खायला लागली. एवढीच ताकद होती त्यांच्या प्रेमात.

ती मालवाहू गाडीतून यारमथला परत गेली. मी एकदा भेटायला गेले. धक्क्यावर बायकांच्या रांगेत हेरिंग चिरत होती, बोटांना चिंध्या बांधलेल्या, मिठानं हात फाटलेले. मला रडू आलं. ती वैतागली.

"रडतेस काय," ती म्हणाली. "हे काम उभ्यानं करायचं असतं. मला तेवढं पुरे आहे."

पुढच्या थंडीत ती तापानं गेली. या वेळी तिथं छाती बघायला मी नव्हते.

बातमी नॉरिचला पोचली त्या दिवशी नॅट हॉवेस मागच्या दाराशी आला. डोळे सुजलेले होते, आणि खरेच सुजलेले होते, हे मी नाकारत नाही. राणीच्या झग्याचा एखादा तुकडा मिळाला तर आठवण म्हणून ठेवीन म्हणाला.

"पहिली टाळी माझी होती, टॅबी. कुणालाही विचार."

"माहितेय. विंगेतच होते मी," मी म्हटलं. "आणि गुडघे टेक म्हणून पहिली हाळी कुणाची होती?"

त्यानं टोपी हातात घेतली होती, ती गोल गोल फिरवायला लागला. "सगळेच ओरडत होते गं."

"पहिली, नॅट."

 धन्यानं बोलावून सांगितलं होतं, घरी पोरं होती, आणि ती खरंच टेकेल असं काही वाटलं नव्हतं, असं काहीबाही पुटपुटला. मी ऐकून घेतलं. आजवर या गावात मला जो भेटला त्यानं त्या दिवशी टाळ्याच वाजवल्या होत्या. ओरडलेला एकही भेटलेला नाही. नॅट निदान नाही म्हणाला नाही. पण म्हणून मी त्याला तुकडा दिला नाही. तो झगा आता त्या नव्या पोरीच्या अंगावर असतो आणि तिच्या नाड्या मीच आवळते.

"जाजम आलं तेव्हा मी टोपी काढली होती," तो जाता जाता म्हणाला. "सगळ्यांच्या आधी काढली होती."

"काढलीस," मी म्हटलं. "ती पडायच्या आधी एकदा, ती उभी असताना काढली असतीस, तर ती आज इथं असती."

त्यानं टोपी घातली आणि तो गल्लीतून निघून गेला. मी दार लावून घेतलं.